"थोडं अ‍ॅडजस्ट करा" न म्हणणारी थेरपिस्ट कशी शोधायची

मी पहिल्यांदा काउन्सेलिंगला गेले ते झोप लागत नाही म्हणून. रात्री साडेबाराला ओटा आवरून आडवी व्हायची, सहाला उठायची, मधले तास छताकडे बघत. तिसऱ्या सेशनला बाई म्हणाल्या, ऑफिसमधून आल्यावर सासूबाईंशी जरा हसून बोलून बघा ना, घरातलं वातावरण हलकं होईल. बोलले हो, दोन आठवडे हसून बोलले. झोप काही आली नाही. पुढे वर्षभराने दुसरीकडे गेले, तिने पहिल्याच दिवशी विचारलं, घरात अजून कोण कोण आहे, आणि साडेबाराला ते काय करत असतात? मला उत्तरच देता येईना, कारण ते झोपलेले असतात हे मी कधी मोठ्याने बोलले नव्हते.

हा जो दुसरा प्रश्न आहे ना, तीच फेमिनिस्ट थेरपी. ही काही वेगळी टेक्निक नाही, थेरपिस्ट सीबीटी (विचार आणि सवयी तपासून बदलायची नेहमीची पद्धत) करेल, अजून काही करेल, पण तुमचा त्रास आला कुठून हे बघताना घर, पगार, जात, लग्न, कोणाचं चालतं आणि कोणाला विचारून बाहेर पडावं लागतं हे सगळं धरून बघेल. आणि बऱ्याचदा ज्याला आजार म्हणतात ती त्या बाईने टिकून राहायला शोधलेली युक्ती असते, म्हणजे गप्प राहणं, सारखी माफी मागणं, नवऱ्याच्या गाडीचा आवाज आला की पोटात गोळा येणं, हे आधी समजून घेईल आणि मगच बदलायचं बोलेल. गोळ्यांना विरोध वगैरे काही नसतो, लागल्या तर सायकियाट्रिस्टकडे पाठवतात. आणि नाही, तिथे घटस्फोट घ्यायला शिकवत नाहीत, हा प्रश्न मला माझ्या आत्याने पण विचारला होता. पुरुषांनाही उपयोग होतो, "रडतोस काय मुलीसारखा" ऐकत मोठा झालेला प्रत्येक जण चालेल.

हे आलं अमेरिकेतून, 1970 च्या आसपास, बायका घरोघरी गट करून बसायच्या, आपापलं सांगायच्या आणि कळायचं की अगं हिच्याकडेही तेच चाललंय. 1970 मध्येच ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, तो मला फार आवडतो. त्यांनी 79 सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट आणि सोशल वर्करना घेतलं, काहींना सांगितलं निरोगी पुरुषाचं वर्णन करा, काहींना निरोगी बाईचं, आणि उरलेल्यांना नुसतं निरोगी प्रौढ माणसाचं. माणसाचं वर्णन पुरुषाच्या वर्णनाशी जुळलं. बाईचं निराळंच निघालं, जास्त ऐकणारी, कमी स्वतंत्र, पटकन दुखावली जाणारी. म्हणजे चांगली बाई असाल तर धड माणूस नाही आणि धड माणूस असाल तर चांगली बाई नाही, आणि हे कोण म्हणतंय तर उपचार करणारे! त्या 79 मध्ये बायकाही होत्या, म्हणून थेरपिस्ट बाई आहे एवढ्यावर जाऊ नका, मी गेले होते.

आता शोधायचं कसं. भारतात फेमिनिस्ट थेरपीची वेगळी डिग्री किंवा रजिस्टर नाही, त्यामुळे प्रोफाइल नीट वाचावं लागतं. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड (जुन्या आघातांचं भान ठेवणारी), क्वीअर-अफर्मेटिव्ह (समलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांना आहेत तसं मानणारी), इंटरसेक्शनल (जात, वर्ग, लिंग सगळं एकत्र धरून बघणारी), हे शब्द बघा, जातीबद्दल काही लिहिलंय का तेही बघा. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेचा क्यूएसीपी नावाचा क्वीअर-अफर्मेटिव्ह काउन्सेलिंगचा कोर्स आहे, तो केलेला असेल तर मी तरी ती चांगली खूण मानते, तुम्ही क्वीअर नसलात तरी. शब्द काय कोणीही लिहितं, म्हणून डिग्री वेगळी तपासा: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयचं म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिलचं रजिस्ट्रेशन हवं, नंबर मागायला लाजू नका, ऑनलाइन बघता येतो. काउन्सेलर ही पाटी मात्र कोणीही लावतं, तिथे एमए कुठून केलं आणि सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामावर अनुभवी थेरपिस्टचा सल्ला, कोणाकडे घेता हे विचारायचं.

मग फोन. बरेच जण पंधरा-वीस मिनिटांचा पहिला कॉल फुकट देतात, आणि त्यात आपण इंटरव्ह्यू घ्यायचा असतो, द्यायचा नाही, हे मला फार उशिरा कळलं. मी विचारते ते असं: "घरातल्या कामाच्या वाटणीचा माणसाच्या मनावर परिणाम होतो असं तुम्हाला वाटतं का?" "एखादीला मूल नको असेल तर तुम्ही काय म्हणता?" "जातीबद्दल सेशनमध्ये बोललेलं चालेल का?" "नवरा किंवा आईने फोन करून विचारलं तर काय सांगाल?" शेवटच्याचं उत्तर एकच, काही सांगणार नाही. 2017 च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्ये गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तेव्हा वगैरे अपवाद असतात, ते त्यांनी आपणहून सांगायला पाहिजेत. बाकी प्रश्नांना बरोबर उत्तर असं नाही, पण "आम्ही न्यूट्रल असतो, असल्या विषयात जात नाही" हे ऐकलं की मी थँक्यू म्हणते. आणि "प्रत्येक नात्यात दोघांचीही चूक असते" म्हणाले तर तेही नको.

हे जास्त महत्त्वाचं आहे म्हणून वेगळं सांगते. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर कपल काउन्सेलिंगला एकत्र बसू नका, कारण तिथे जे बोलाल त्याचा हिशोब घरी गेल्यावर होतो. जाणती थेरपिस्ट आधी तुम्हाला एकटीला भेटेल आणि सुरक्षित आहात का ते विचारेल. पैसे नसतील तर यासाठी सरकारी जागा आहेत: मुंबईत टिसने, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने, 1984 मध्ये पोलिसांसोबत स्त्रिया आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला, आता महाराष्ट्रभर आहेत, पोलिसांच्या आवारात पण बसतात सोशल वर्कर. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 2000 मध्ये सेहत संस्था आणि महापालिकेने दिलासा केंद्र काढलं, पडले-लागलंय म्हणून केसपेपर काढलेल्या बाईला तिथल्या तिथे बोलता यावं म्हणून. नाव कुठेच फेमिनिस्ट थेरपी नाही, पण काम तेच.

नुसतं बोलायचंय आणि पैसे नाहीत तर टिसची आयकॉल हेल्पलाइन आहे, फोनवर फुकट, मराठीतही. खूपच वाईट वाटत असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर थेरपिस्ट शोधत बसू नका, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 लावा, चोवीस तास चालू असतं. प्रायव्हेटमध्ये फी जास्त वाटली तर "स्लायडिंग स्केल आहे का" एवढं विचारायचं, म्हणजे ऐपतीप्रमाणे फी, बरेच जण थोड्या जागा तशा ठेवतात पण आपणहून सांगत नाहीत.

भाषेचं पण बघा. मी इंग्रजीत छान बोलते, पण "माहेरी कसं जाऊ" याचं इंग्रजी करताना रडू थांबतं आणि मुद्दाही जातो. आणि ऑनलाइन घेणार असाल तर जागा आधी ठरवा, दोन खोल्यांच्या घरात बाउंड्रीबद्दल, म्हणजे घरच्यांना कुठे थांबवायचं याबद्दल, बोलणार कसं, मी पार्किंगमध्ये गाडीत बसून घेते, काच वर, वॉचमनला वाटतं ऑफिसचा कॉल आहे.

तीन-चार सेशन द्या. तिने तुमच्याबद्दल काय लिहून ठेवलंय हे विचारता येतं का, तिचं चुकलं तर मान्य करते का, पुढे काय करायचं हे तुम्हाला विचारून ठरतं का, हे बघा. नाही जमलं तर सोडताना कारण द्यायलाच पाहिजे असं नाही. मी मेसेज केला होता, "मॅडम, पुढचं सेशन नको, आतापर्यंतसाठी थँक्यू." तो टाइप करायला मला चार दिवस लागले, आणि आधी दोनदा सॉरी लिहून खोडलं.