विहिरीत ब्लीचिंग टाकूनही वास जाईना: माझा अनुभव

पेडण्यातली चिरेबंदी विहीर. चतुर्थीआधी पाण्याला वास, आणि पावडर टाकूनही फरक शून्य.

माप बरोबर होतं. व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर, म्हणजे साधारण २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून ७० ग्रॅम. पावडरच मेलेली निघाली! ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. आपल्याकडच्या पावसात पिशवी उघडी राहिली की तो उडालाच. शिवाय गढूळपणाही क्लोरीन खातो, म्हणून गाळ बसेपर्यंत थांबलो.

नवीन पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवली, बादली पाऊण भरली, ढवळून १० मिनिटं ठेवली. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेतली. तळचा चुना विहिरीत नको, पाणी जड होतं. मग दोरीने बादली पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवली. नुसतं वरून ओतलं तर औषध तळापर्यंत पोचत नाही.

किमान १ तास पाणी उपसायचं नाही. रात्री केलेलं बरं, तेव्हा कोणी घाईने पंप लावत नाही. तासाभराने चाचणी संचात उरलेला क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसायला हवा. कमी आला तर पुन्हा मात्रा.