धनुष्याची दोरी कधी बदलायची

माझी पहिली दोरी तुटली तेव्हा मी धनुष्यालाच दोष दिला होता. बाण सोडताना फटकन आवाज झाला, दंडावर वळ उठला आणि दोरीचे दोन तुकडे पायाशी पडले. घरी येऊन ते उजेडात धरले. मधली दोरी मेण लावून लावून तुकतुकीत झालेली, एक लव दिसेल तर शपथ. फास मात्र आतल्या बाजूने, जिथे तो धनुष्याच्या खाचेत बसतो तिथे, चांगला विरलेला होता. तिथे मी कधी पाहिलंच नव्हतं.

ओढलेल्या धनुष्याची दोरी तुटली की बाणाबरोबर जायची ती ताकद धनुष्यातच राहते. रिकामी दोरी सोडल्यावर बसतो तसाच हा दणका असतो. लाकडाला तडा जातो, थरांचं धनुष्य असेल तर थर सुटतात. दोरीची किंमत धनुष्याच्या मानाने किरकोळ, म्हणून शंका आली की दोरी बदलावी, हे माझं सरळ मत.

पुढचं सगळं लाँगबो (लांब, साधं धनुष्य), लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आणि आपल्याकडच्या इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारातल्या बांबू धनुष्याच्या धाग्यांच्या दोरीबद्दल आहे. भिलांच्या तिरकामठ्याला बांबूच्याच सालीची पट्टी ताणलेली असते; तिथे पदर, म्हणजे एकत्र पिळलेले धागेच नसतात, त्यामुळे हे नियम तिला लावू नका.

आधी दोरी धनुष्यावर चढवलेली असतानाच बघा. खिडकीच्या उजेडात उभं राहून दोरी वरपासून खालपर्यंत नजरेखालून घाला. मग कापसाचा बोळा हलक्या हाताने दोरीवरून फिरवा. कापूस अडकला तिथे थांबा. ती नुसती लव आहे की तुटलेला पदर, हे मेण सांगतं. मधमाशीचं मेण थोडं घासा आणि बोटांच्या चिमटीत दोरी भराभर चोळा, म्हणजे मेण ऊब लागून आत मुरेल. लव बसली तर दोरी फक्त कोरडी पडली होती. मेण लावूनही तिथेच पुन्हा पुन्हा लव उठत असेल तर दोरी झिजते आहे.

पदर तुटलेला दिसला तर विचार करत बसू नका, दोरी बदला. यावर कुणी ना कुणी हिशेब मांडतंच. ४० पाउंडच्या धनुष्यावर साधारण १२ पदरी डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) दोरी असते, एक पदर ५० पाउंडच्या आसपास ताण सोसतो, म्हणजे दोरीची ताकद ६०० पाउंड. एक गेला तर बिघडलं काय? हिशेब चूक नाही. पण ज्याने तो पदर कापला ते कारण जागेवरच आहे आणि त्याच्या शेजारचा पदर आता त्याच धारेवर घासतो आहे.

आता दोरी उतरवा. स्ट्रिंगर (दोरी चढवायला-उतरवायला धनुष्य वाकवणारी जादा दोरी) वापरा, गुडघ्यावर वाकवून नको. दोन्ही फास आतून उलगडून बघा, हे काम घाईने करू नका. फासाला वेढा, म्हणजे वरून गुंडाळलेला संरक्षक धागा, नसेल तर पदर थेट दिसतात. वेढा असेल तर तो फाटलाय का, आतले पदर डोकावतायत का ते पाहा. फास जिथे संपतो आणि पीळ सुरू होतो ती जागाही चिमटीत धरून चाचपा. एखादी जागा बाकीपेक्षा बारीक किंवा चपटी लागली तर ती दोरी गेली समजा.

खाचेवरूनही बोट फिरवा. नवी दोरीसुद्धा त्याच जागी काचत असेल तर दोष दोरीचा नाही, खाचेची कड धारदार झाली आहे. लाकडी खाच अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच गुळगुळीत करता येते. फायबर ग्लासची असेल तर धनुष्य बनवणाऱ्याकडे द्या.

मधला वेढा वेगळा तपासा. याला सगळे सर्व्हिंगच म्हणतात. बोटांनी, बाणाच्या खोबणीने आणि हातावरच्या पट्ट्याने हा भाग सर्वात आधी खराब होतो, पण तो खराब झाला म्हणून दोरी फेकायची नसते. वेढा सैल होऊन सरकत असेल, मधे फट पडली असेल किंवा पूर्वी घट्ट बसणारा बाण आता लटकत ठेवला की आपोआप गळून पडत असेल, तर जुना वेढा सोडा आणि आतले पदर बघा. ते शाबूत असतील तर नवा वेढा घाला. तिथे एकही पदर कातरलेला असेल तर मात्र दोरीच बदला, कारण पुढे वेढ्याखाली काय चाललंय ते दिसत नाही.

ब्रेस हाइट लिहून ठेवा. मुठीच्या सर्वात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर. लाँगबोला बहुधा ६ ते ७ इंच आणि रिकर्व्हला ७ ते ९ इंच असतं. बनवणाऱ्याने सांगितलं असेल तेच धरा. नवी डॅक्रॉन पहिल्या शंभरेक बाणांत ताणली जाते, त्यामुळे आकडा उतरतो. तेव्हा मूळ पिळाच्याच दिशेने चार-दोन पीळ वाढवायचे. पण बसलेल्या दोरीचा आकडा एका रात्रीत उतरला, किंवा दर आठवड्याला पीळ वाढवावे लागले, तर आत कुठेतरी पदर सुटला किंवा सरकला आहे.

किती महिन्यांनी बदलायची? रोज शंभर बाण मारणारा आणि रविवारी वीस मारणारा यांना एकच तारीख कशी चालेल? काही प्रसंगांनंतर मात्र तपासणीची वाट बघू नये: बाणाशिवाय दोरी सुटली, सुरीची किंवा बाणाच्या पात्याची धार लागली, मे महिन्याच्या उन्हात धनुष्य बंद गाडीत राहिलं, किंवा उंदरांनी मेणाच्या वासाने दोरी कुरतडली. शेवटचं हसण्यासारखं वाटतं, पण माझी एक दोरी माळ्यावर अशीच गेली. तागाची किंवा जवसाच्या धाग्याची दोरी असेल तर आणखी सावध राहा. ती डॅक्रॉनइतकी आधी सूचना देत नाही.

नवी घेताना लांबी, पदर आणि धागा तिन्ही जुन्यासारखेच मागा. दुकानदार फास्ट फ्लाइट या आधुनिक धाग्याची दोरी वेगवान म्हणून पुढे करेल. ती जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे झटका थेट टोकांना बसतो. टोकं मजबूत केलेली नसतील, विशेषतः जुन्या धनुष्याची, तर डॅक्रॉनच बरी.

एकाऐवजी दोन दोऱ्या घ्या. दुसरीवरही शंभरेक बाण मारून तिला बसवा, बाण लावायची खूण करा आणि मग पिशवीत ठेवा. ऐन स्पर्धेत कोरी दोरी चढवली तर प्रत्येक बाण वेगळ्या जागी जाईल. जुनी दोरी नवी बसेपर्यंत मापासाठी जपून ठेवा. त्यानंतर तिचे कात्रीने दोन तुकडे करा, नाहीतर घाईच्या दिवशी कुणीतरी तीच पुन्हा चढवेल.