आंब्याच्या सीझनआधी होस्टिंग तपासून घ्या

देवगडचा हापूस बाजारात यायला लागला की मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक गूगलवर शोधायला बसतं, आणि तुमच्या आंब्याच्या साइटचं स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची, वाटून घेतलेली जागा) नेमकं तेव्हाच दगा देतं. एका सर्व्हरवर शेकडो साइट कोंबलेल्या असतात. शेजारच्या साइटवर गर्दी झाली की आपलीही रखडते.

गूगलच्या बॉटला (साइटची पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला) सर्व्हरकडून वारंवार ५०० किंवा ५०३ एरर (म्हणजे सर्व्हरला पान देता आलं नाही) मिळाली, तर तो फेऱ्या कमी करतो. तासाभराच्या बंदने काही बिघडत नाही, पण बरेच दिवस तसंच चाललं तर पानं इंडेक्समधून, म्हणजे गूगलच्या शोधात दाखवायच्या यादीतून, गळायला लागतात. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनाच्या सेटिंग्जमध्ये क्रॉल स्टॅट्स (बॉटच्या फेऱ्यांचा हिशेब) उघडा, तिथे हे सगळं दिसतं.

मोबाइलवरचा वेग २०१८ पासून रँकिंगमध्ये धरला जातो. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजायच्या साधनात साइटचा पत्ता टाका. सर्व्हरचं पहिलं उत्तर ०.८ सेकंदात, मुख्य फोटो २.५ सेकंदांत यायला हवा. पहिला आकडाच फुगलेला असेल तर बहुधा होस्टिंग बदलायला हवं. शक्यतो सर्व्हर मुंबईतला घ्या. पहिला ठीक, दुसरा वाईट असेल तर कृपया होस्टिंगवर पैसे घालवू नका! आंब्याच्या पेटीचा पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो, तो आधी बारीक करा. होमस्टेवाल्यांच्या साइटवरही मला हाच दोष सारखा दिसतो.

साइट हलवायचीच असेल तर पावसाळ्यात हलवा आणि जुनं होस्टिंग आठवडाभर तरी चालू ठेवा.