अर्जात ‘सबब’ हा शब्द कसा वापरावा

तहसीलदारांचा आदेश, मराठीतील निकालपत्र किंवा जुने खरेदीखत वाचताना अखेरच्या परिच्छेदाच्या तोंडाशी ‘सबब’ हा शब्द हमखास भेटतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘कारण’ असा आहे. मराठी दप्तरात मात्र तो ‘वरील कारणांस्तव’ या अर्थाने, म्हणजे निष्कर्षाची खूण म्हणून रुळला आहे.

प्रथम त्याची दोन रूपे वेगळी ओळखावीत. ‘आजारपणाची सबब सांगितली’ यातील सबब हे स्त्रीलिंगी नाम असून त्याला बहाण्याचा वास येतो, तर ‘सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’ यातील सबब हे अव्यय आहे आणि त्याला विभक्ती लागत नाही. ‘आजारपणाच्या सबबीवर रजा मिळावी’ असे स्वतःच्याच अर्जात लिहिणारा आपणच आपल्याला खोटे पाडत असतो.

त्यानंतर कारणे मांडावीत, आणि खरी मेहनत इथेच आहे. वीजदेयकाच्या तक्रारीचे उदाहरण घेऊ. ‘आमचे घर 3 महिने कुलूपबंद होते. सबब, देयक रद्द करावे.’ हे वाचायला ठाम वाटते, पण टिकत नाही. कारण घर बंद असले तरी स्थिर आकार लागतोच, आणि घर बंद असल्यामुळे देयक चुकीचे कसे ठरते हे अर्जदाराने सांगितलेलेच नाही. आता असे लिहून पाहावे: ‘घर 3 महिने कुलूपबंद होते. या काळात मीटरचे वाचन न घेता सरासरी युनिटवर देयक आकारले आहे. मीटरवरील आजचा आकडा त्या युनिटपेक्षा कमी वापर दाखवितो. सबब, प्रत्यक्ष वाचनानुसार देयक दुरुस्त करून मिळावे.’ येथे मागणी लहान झाली, पण कारणांच्या बाहेर गेली नाही.

शंका आल्यास ‘सबब’ झाकून त्या जागी ‘एवढ्यावरून’ वाचावे. वाक्य अडखळले, तर मधला एखादा दुवा सुटला आहे असे समजावे. ‘सबब म्हणून’ किंवा ‘त्यामुळे सबब’ ही द्विरुक्ती टाळावी. निकालपत्रात प्रत्येक मुद्द्यानंतर ‘सबब, मुद्दा क्रमांक 1 चे उत्तर होकारार्थी’ असे येते, कारण तेथे मुद्दे अनेक असतात. एका पानाच्या अर्जात तो एकदाच, मागणीच्या वाक्याआधी यावा.