एलियनवर सिरीज लिहिताय? मग या चुका टाळा

परग्रहावरच्या लोकांशी माणसाची पहिली गाठ, हा विषय घेऊन लिहिलेले पायलट (सिरीजचा पहिला भाग) आणि बायबलं (सिरीजची पात्रं, कथा, भाग यांचा लेखी आराखडा) माझ्याकडे वाचायला येतात. आधी फक्त अंधेरी-वर्सोव्याकडून यायची, आता डोंबिवली, विरार, पनवेलची पोरंपोरीही पाठवतात आणि मला ते मनापासून आवडतं. आपल्याला हा विषय झेपणार नाही हे मला कोणी सांगूच नये. जयंत नारळीकरांनी मराठी वाचकाला कधीच विज्ञानकथेची गोडी लावून ठेवलीय, चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांच्या स्पर्धा घेते, म्हणजे वाचणारे आहेत, लिहिणारेही आहेत. अडतं ते टीव्हीसाठी लिहायला बसल्यावर. तिथे सगळ्यांना घाई होते आणि मग त्याच त्या चुका, पानामागून पान.

एलियन दुसऱ्या भागात मराठी बोलतो

ही सगळ्यात मोठी, म्हणून हिच्यावर सगळ्यात जास्त बोलणार आहे.

वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या एका प्रॉडक्शन ऑफिसात दहा भागांच्या सिरीजवर काम चालू होतं, मला वाचून मत द्यायला बोलावलेलं. पहिला भाग छान होता, खरंच छान. समुद्रावर काहीतरी तरंगतंय, कोणाला काही कळत नाहीये. दुसऱ्या भागाच्या सहाव्या पानावर एलियन गळ्याला एक यंत्र लावतो आणि पुस्तकी मराठीत सांगायला लागतो की आमचा ग्रह मरतोय, आम्हाला पाणी हवंय. मी म्हटलं, आता उरलेल्या आठ भागांत करणार काय? तर कथेचं काम बघणाऱ्या तिथल्या क्रिएटिव्हचं म्हणणं, ऑडियन्सला थांबायची सवय राहिलेली नाही, लवकर मुद्द्यावर या. लिहिणारी दोन मुलं गप्प बसली, नवीन होती, बोलणार कशी. पुढे व्हायचं तेच झालं. चौथ्या भागात हिरोईनचा घटस्फोटित नवरा आला, पाचव्यात भ्रष्ट मंत्री, सहाव्यात लहान मुलीचं अपहरण, आणि एलियन बिचारा कोपऱ्यात उभा, कारण त्याला जे सांगायचं ते तो दुसऱ्या भागात सांगून मोकळा झालेला. त्या मुलांपैकी एकाचा रात्री उशिरा फोन, ताई, सातव्या भागात काय घालू? मी त्याला सांगितलं की सातव्यात काही घालू नकोस, दुसऱ्यातलं यंत्र काढ. यंत्र काढायला कोणी तयार झालं नाही आणि ती सिरीज कागदावरच बंद पडली. पहिला भाग अजून आठवला की वाईट वाटतं.

अहो, माणसाने माणसासाठी लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही. सिंधू लिपी घ्या. इथे कुलाब्याला टीआयएफआर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी कॉम्प्युटर लावून तिच्यातल्या चिन्हांचे पॅटर्न तपासले, तरी त्या मुद्रांवर नक्की काय लिहिलंय हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रोझेटा शिळा १७९९ साली सापडली, तिच्यावर तोच मजकूर ग्रीकमध्येही कोरलेला होता, म्हणजे उत्तर शेजारीच दिलेलं, तरी शांपोल्यिओं या फ्रेंच अभ्यासकाने इजिप्तची चित्रलिपी उलगडली ती १८२२ मध्ये. आणि तुमचा एलियन, ज्याला कदाचित तोंडसुद्धा नाही, तो जाहिरातींच्या ब्रेकनंतर बोलायला लागतो?

पहिला संपर्क म्हणजे भेट नव्हे. एकमेकांना समजायला जो वेळ लागतो तो, आणि त्या वेळात होणारे गैरसमज, हीच तुमची साहसकथा. ती उडवून टाकली की हातात उरतात फक्त स्फोट.

मी काय करते सांगते. एक साधी दोनशे पानी वही. प्रत्येक भागासाठी डाव्या पानावर लिहायचं, माणसांना काय वाटलं. उजव्या पानावर, खरं काय होतं. डावं आणि उजवं पान एकसारखं झालं की तुमची गोष्ट संपली, त्यामुळे ते शेवटच्या भागाआधी होऊ द्यायचं नाही. बास. सुरुवात करायची तर आकड्यांपासून करा. १६ नोव्हेंबर १९७४ ला अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरून ताऱ्यांकडे जो संदेश पाठवला त्यात १६७९ बिट, म्हणजे शून्य किंवा एक, होते, कारण १६७९ म्हणजे २३ गुणिले ७३, दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे ते बिट आयतात मांडायचे तर २३ आणि ७३ असेच मांडावे लागतात आणि मग चित्र दिसतं. यावर एक अख्खा भाग होतो, एकही डायलॉग समजावून न सांगता.

आणि बोरिवलीत राहून कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना न गेलेले लेखक मला भेटतात तेव्हा मी त्यांना आधी तिकडे पाठवते. ब्राह्मीतले लेख भिंतीवर समोर कोरलेले आहेत, शतकानुशतकं लोक ते बघत होते आणि वाचता कोणालाच येत नव्हते, १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने ब्राह्मी उलगडेपर्यंत. तिथेच पारशी प्रवाशांनी इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या लिपीत, कोरलेली नावंही आहेत. दुसऱ्याच्या गुहेत येऊन आपलं नाव आपल्या लिपीत कोरून जाणं, यात एलियनच्या सीनसाठी लागणारं सगळं आहे. तासभर उभं राहून बघा, घाई करू नका.

सिग्नल आला, बीप झाला, सगळे नाचले

दर दुसऱ्या पायलटमध्ये हाच सीन. रात्र, एकटी शास्त्रज्ञ, कॉफीचा मग, स्क्रीनवर लाल रेघ उडते आणि ती ओरडते, वी आर नॉट अलोन. खरं जे झालंय ते यापेक्षा कितीतरी भारी आहे आणि ते वाचायचे कष्ट कोणी घेत नाही याचा मला खरोखर त्रास होतो. १५ ऑगस्ट १९७७ ला ओहायोच्या बिग इअर दुर्बिणीवर तो प्रसिद्ध ७२ सेकंदांचा सिग्नल आला तेव्हा समोर कोणी बसलेलंच नव्हतं. काही दिवसांनी तिथल्या जेरी एहमननी छापील कागद चाळताना तो पाहिला आणि लाल पेनने शेजारी वॉव लिहिलं. परत तो सिग्नल कधीच मिळाला नाही. म्हणजे आपण सुट्टीवर असताना कोणीतरी दार वाजवून गेलं असेल की काय, याचं उत्तर अजून नाही. याच्याहून मोठा हुक कोणता पाहिजे?

आणि सिग्नल आला की पहिलं काम नाचायचं नसतं, तो आपलाच कचरा नाही ना हे बघायचं असतं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला काही विचित्र सिग्नल वर्षानुवर्षं मिळत होते, २०१५ मध्ये उलगडा झाला की तिथला मायक्रोवेव्ह बंद व्हायच्या आत कोणीतरी दार उघडतं तेव्हा ते येतात. त्याच दुर्बिणीवर २०१९ मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झचा एक सिग्नल नोंदला गेला, डिसेंबर २०२० मध्ये बातमी फुटली, जगभर चर्चा, आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आला की पृथ्वीवरचाच गोंगाट होता. त्या मधल्या काळात त्या टीममधल्या माणसांच्या घरी काय वातावरण असेल, मित्र काय विचारत असतील, याचा विचार करा. एपिसोड आपोआप सुचतो.

मला सगळ्यात आवडणारी युक्ती चार मिनिटांची. तारे रोज साधारण चार मिनिटं आधी उगवतात. म्हणजे सिग्नल आज रात्री २ वाजून ४० मिनिटांनी आला, उद्या २.३६ ला, परवा २.३२ ला, तर तो आपल्या घड्याळाने चालत नाहीये, ताऱ्यांच्या घड्याळाने चालतोय. १९६७ साली केंब्रिजला पीएचडी करणाऱ्या जोसलिन बेलला असाच एक सिग्नल मिळाला, दर १.३३ सेकंदाला एक ठोका, आणि तो ताऱ्यांबरोबर सरकत होता. थोड्याशा गमतीने त्याला छोट्या हिरव्या माणसांचं नावही दिलं गेलं, निघाला पल्सार, म्हणजे गरगर फिरत ठराविक वेळाने रेडिओ ठोके देणारा मेलेला तारा. आता हे टीव्हीवर बघा. भिंतीवरचं घड्याळ, वहीत लिहिलेल्या तीन वेळा, आणि एक मुलगी जिला हळूहळू कळतंय. व्हीएफएक्सचा खर्च शून्य. पण नाही, आपल्याला लाल रेघच पाहिजे.

आणि नेवाडाचं वाळवंट कशाला? खोडद आहे ना! नारायणगावजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, साधारण २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या, १४२० मेगाहर्ट्झची हायड्रोजनची रेघ, म्हणजे अवकाशातला हायड्रोजन ज्या वारंवारतेवर रेडिओलहरी सोडतो ती, तिच्या टप्प्यात येते. आजूबाजूला ऊस, उसात बिबट्या, रात्रपाळीचा माणूस टॉर्च घेऊन चाललाय. कल्याणहून माळशेज घाटाने जाता येतं, दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला लोकांसाठी खुलं असतं. एकदा जाऊन या आणि मग लिहा, गुगलवरचे फोटो बघून लिहिलेलं लगेच कळतं.

अंतराचा हिशोबच नाही

हिरोईन मायक्रोफोनमध्ये हॅलो म्हणते आणि लगेच उत्तर येतं. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा, ४.२४ प्रकाशवर्षं. हॅलो जायला सव्वाचार वर्षं, उत्तर यायला सव्वाचार. यावर नवे लेखक म्हणतात मग गोष्ट थांबते. कशी थांबेल? आपल्या सिरियलमध्ये टीआरपी पडला की लीप, म्हणजे काही वर्षं पुढे उडी, घेतातच, कारण असो नसो. इथे तर भौतिकशास्त्र स्वतःहून तुम्हाला साडेआठ वर्षांचा लीप देतंय, तोही खऱ्या कारणासह. प्रश्न पाठवला तेव्हा बारा वर्षांची असलेली पोरगी उत्तर येतं तेव्हा विशीत आहे, ज्या सरांनी प्रश्न पाठवला ते रिटायर झालेत, लॅबचं बजेट कापलंय. मी कोणतंही बायबल वाचायला घेण्याआधी लेखकाकडून पात्रांच्या वयांचा तक्ता मागते, तो नसेल तर वाचत नाही. कठोर वाटेल, पण याने सगळ्यांचा वेळ वाचतो.

बाकीच्या भराभर सांगते

एलियन म्हणजे निळा रंग लावलेला जिममधला माणूस नको. ऑक्टोपसच्या मज्जापेशींपैकी साधारण दोन तृतीयांश त्याच्या हातांत असतात, आणि तो तर आपल्याच समुद्रातला. तुमचा दुसऱ्या ग्रहावरचा, थोडं तरी वेगळं सुचू द्या.

अंतराळात स्फोटाचा आवाज येत नाही. म्युझिक टाका, धडाम नको.

एक शास्त्रज्ञ दुसऱ्याला "तुला माहीतच आहे की" म्हणून शाळेतलं विज्ञान सांगतो तो सीन कापा, पूर्ण कापा.

एआयला सांगून रात्रीत बनवलेलं बायबल पाठवू नका. तिसऱ्या पानावर कळतं, सगळ्या पात्रांना एकच दुःख असतं.

सिग्नल मिळाला की पुढच्याच सीनमध्ये पंतप्रधानांचं भाषण नको. यासाठी १९८९ पासून शास्त्रज्ञांनी ठरवलेली तत्त्वं आहेत: आधी खात्री करा, दुसऱ्या वेधशाळांकडून तपासून घ्या, मग जगाला सांगा, आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर पाठवू नका. कायदा नाहीये तो, म्हणजे कोणीतरी मोडू शकतं. कोण मोडेल ते ठरवा, तिथे तुमचा खलनायक आपोआप मिळेल आणि कदाचित तो वाईट माणूससुद्धा नसेल.

यान मुंबईतच उतरवायचं असेल तर गेटवे आणि सी लिंक सोडून विचार करा. समुद्रात काही दिसलं तर आधी कोणाला दिसणार, मढ-वर्सोव्याच्या कोळ्यांना. पण एका स्क्रिप्टमध्ये जुलैत भर समुद्रात मासेमारीच्या बोटी होत्या. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते हो, कोळीवाड्यात एक चहा प्यायला गेला असतात तरी कळलं असतं. आणि यान आलं की सगळं शहर पळत सुटलं असं लिहू नका. पहिल्या तासात लोक विचारणार लोकल चालू आहे का, शाळेतून मुलाला कोण आणणार, आईचं डायलिसिस आहे त्याचं काय. तिथे खरी भीती आहे, ती दाखवा.

राहिलं उत्तराचं. बहुतेक सिरीजमध्ये पृथ्वीतर्फे काय बोलायचं हे शेवटच्या भागात घाईघाईत लिहिलेलं असतं आणि ते शांतीच्या संदेशावर संपतं. व्हॉयेजर यानांवर परग्रहवासीयांसाठी जी ध्वनिमुद्रित तबकडी पाठवली तिच्यासाठी ज्यांनी निवड केली त्यांनी ५५ भाषांतल्या शुभेच्छा घेतल्या, त्यात मराठी आहे, आणि गायिका केसरबाई केरकरांची भैरवी घेतली. व्हॉयेजर १ गेलं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि केसरबाई त्याच महिन्यात १६ तारखेला वारल्या. कोणीतरी बसून हे हवं, ते नको, असं भांडून ठरवलं असणार ना? तसं तुमच्या पात्रांना भांडू द्या, निदान दोन भाग. पृथ्वीचं उत्तर पहिला भाग लिहायच्या आधी लिहून ठेवा, पूर्ण, शब्दाला शब्द, आणि मग त्या दहा भागांत एकेक पात्र त्यातलं काय खोडायला सांगतं ते लिहीत जा.