‘अवलिया’ या शब्दाचे मूळ कसे शोधावे

मराठीत रुळलेल्या अरबी धार्मिक शब्दाचे मूळ शोधताना त्याच्या देवनागरी रूपावर विसंबू नये. अरबीतील अनेक वेगळी अक्षरे आपण एकाच अक्षराने लिहितो, त्यामुळे शब्द आधी मूळ लिपीत पाहावा. ठाणेकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. मुंब्र्यात उर्दू जाणणारी कितीतरी माणसे आहेत, आणि अरबीतून आलेल्या शब्दांचे मूळ लेखन उर्दूने बहुतांशी जपले आहे.

मलंगगडाच्या संदर्भात कानावर येणारा ‘अवलिया’ हा शब्द घेऊ. तो मुळात ‘वली’चे अनेकवचन आहे; मराठीत मात्र तो एका व्यक्तीसाठीच वापरला जातो. अनेकवचन करताना भर पडलेली अक्षरे बाजूला केली, की वाव, लाम, ये ही तीन मूळ अक्षरे उरतात. हान्स वेर यांच्या अरबी कोशात शब्द याच मुळांच्या क्रमाने लावलेले आहेत. या मुळाचा गाभा ‘निकट असणे’ हा आहे आणि त्यातूनच मित्र, पाठीराखा, पालक, कारभारी असे अर्थ निघाले.

त्यानंतर कुराणातील प्रयोग अवश्य पाहावेत. दहाव्या सुऱ्याच्या (अध्यायाच्या) 62व्या आयतीत (वचनात) अल्लाहच्या अवलियांना भय नाही आणि ते दुःखी होत नाहीत, असे म्हटले आहे. तर दुसऱ्या सुऱ्याच्या 257व्या आयतीत श्रद्धावंतांचा ‘वली’ स्वतः अल्लाह आहे. माणूस ईश्वराचा वली आणि ईश्वर माणसाचा वली, असे हे दुहेरी नाते ‘संत’ या एका प्रतिशब्दात मावत नाही, हे अनुवाद करणाऱ्याने विसरता कामा नये.

मग त्याच मुळाचे इतर शब्द गोळा करावेत : मौला, मौलाना, वक्फची व्यवस्था पाहणारा मुतवल्ली, आणि राज्य किंवा प्रांत या अर्थावरून परदेशापर्यंत पोहोचलेली विलायत. ‘त्याला कोणी वाली नाही’ या आपल्या वाक्यातला वालीही याच कुळातला. रामायणातला वाली मात्र संस्कृत आहे. ‘वालिद’ (वडील) कानाला जवळचा वाटला, तरी त्याच्या शेवटी दाल हे अक्षर असल्याने तो निराळ्या मुळाचा ठरतो.

अखेरीस मोल्सवर्थच्या मराठी कोशाची 1857ची आवृत्ती पाहावी. तीत परभाषेतून आलेल्या शब्दांपुढे मूळ भाषेची खूण असते. मराठीत ‘अवलिया’ला मनस्वी, विक्षिप्त माणूस असा जो अर्थ आला आहे, तो अरबी मुळावर लादू नये आणि चुकीचा म्हणून खोडूही नये, टिपणात त्याची नोंद मराठी अर्थ म्हणून वेगळी करावी.