पाणी बदललं आणि कुंडीतली झाडं पिवळी पडली? खताला हात लावण्याआधी या चुका टाळा

नळाला कृष्णेचं पाणी होतं तोवर जास्वंद हिरवीगार असते. घर बदललं, नव्या इमारतीत वापराला बोअरचं पाणी आलं, की महिन्या-दीड महिन्यात शेंड्याची पानं पिवळी पडू लागतात. सांगली-मिरजेत हे इतक्या घरांतून होतं, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला उपाय एकच असतो: खत. झाड उपाशी आहे असं समजून शेणखत, १९-१९-१९ सारखं मिश्र रासायनिक खत, डीएपी खताचे दाणे, जे हाताशी असेल ते कुंडीत जातं, आणि झाड आणखी बिघडतं.

पाणी बदलल्यानंतरच्या पिवळेपणात बहुतेक वेळा कुंडीत अन्न कमी नसतं. ते असतं, पण झाडाला घेता येत नाही.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असू शकतं. असं पाणी रोज घालणं म्हणजे रोज चिमूटभर चुना घालण्यासारखंच आहे. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लपणाचा आकडा) हळूहळू साडेसात-आठकडे सरकतो आणि लोह, मँगनीज, जस्त मातीत असूनही विरघळत नाहीत. शेतात जादा क्षार पावसानं खाली निघून जायला निदान वाव असतो. तिथेही निचरा नसला तर काय होतं, ते वाळवा-मिरजेकडच्या खारपड, म्हणजे क्षार साठून नापीक, झालेल्या नदीकाठच्या रानांत दिसतं. दहा इंची कुंडीत तर पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात.

कोणतं पान आधी पिवळं झालं, हे न बघणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. अख्ख्या झाडाकडे बघून ‘पिवळं पडलंय’ म्हणू नका. एक फांदी हातात घ्या आणि शेंड्यापासून खाली एकेक पान बघत या.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, अगदी बारीक जाळी काढल्यासारख्या, आणि खालची जून पानं ठणठणीत, असं दिसलं तर ते लोहाचं लक्षण आहे. लोह झाडात एकदा बसलं की जागचं हलत नाही, म्हणून कमतरता नव्या पानावर दिसते. जास्वंद, अनंत, एक्झोरा, लिंबू, कढीपत्ता यांच्यावर हे लवकर उमटतं.

उलट खालची पानं सरसकट फिकी पडून गळत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी आहे. खालच्याच पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम. आणि पानांची टोकं, कडा तपकिरी होऊन करपत असतील तर आधी क्षार साठल्याचा संशय घ्या. त्या झाडाला खत दिलं तर कुंडीत क्षारच वाढतात.

पाणी बदलून दोन-तीन दिवसांतच पानं झडली, तर ते अन्नद्रव्याचं प्रकरण नाही. उन्हाची जागा बदलली का, मुळं दुखावली का, टाकीचं तापलेलं पाणी गेलं का, ते बघा. अन्नद्रव्याची लक्षणं दिसायला काही आठवडे जातात.

न मोजता अंदाज बांधणं

तासगाव-मिरजेकडचे द्राक्ष बागायतदार देठ परीक्षण (पानांच्या देठातली अन्नद्रव्यं प्रयोगशाळेत तपासणं) करून घेतात आणि मगच खताचं ठरवतात. गच्चीवरच्या बागेला तेवढं नको, पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं मीटर आणि सामू बघायच्या पट्ट्या स्वस्तात मिळतात आणि त्यांनी खरोखर काम होतं.

आधी घालायच्या पाण्याचा टीडीएस बघा. मग कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, तासाभरानं वरून आणखी थोडं घाला आणि तळातून निघालेलं पहिलं पाणी वाटीत धरून मोजा. घातलेलं पाणी ६०० आणि निघालेलं २००० असेल, तर क्षार कुंडीत साठलेत. दोन्ही आकडे जवळपास असतील आणि कोवळं पान मात्र जाळीदार पिवळं असेल, तर सामूकडे वळा.

मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरा थर बसला असेल तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसलं तर तो पाण्यातला चुना.

लोहाची खात्री करायची सोपी रीतही आहे. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता यावं म्हणून बांधून ठेवलेलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी फक्त एका फांदीवर फवारा, बाकीचं झाड तसंच ठेवा. आठ-दहा दिवसांत त्या फांदीची पानं हिरवी होऊ लागली तर निदान बरोबर. माझ्या मते कुठलंही औषध अख्ख्या बागेला देण्याआधी ही एका फांदीची चाचणी करायलाच हवी.

घरगुती उपाय उलट्या दिशेनं करणं

अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चुन्यानंच त्रस्त कुंडीत ती घालू नका. चुलीतली राखही नको, ती सामू आणखी वाढवते. डीएपीनं स्फुरद (फॉस्फरस) वाढतं आणि लोह, जस्त घेणं झाडाला जास्त कठीण जातं. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत घातला तर अशा चुनखडी कुंडीत थोड्याच दिवसांत त्याचा गंज होतो, झाडाच्या वाट्याला फारसं येत नाही. चिलेटेड लोहातही फरक आहे: ईडीटीए प्रकारचं फवारणीला ठीक, पण सामू जास्त असलेल्या मातीत द्यायचं तर ईडीडीएचए घ्या. तेच तिथे टिकतं. कृषी सेवा केंद्रात नुसतं ‘लोह द्या’ म्हणू नका, नाव सांगून मागा.

लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) वापरायचं असेल तर ते कुंडीत टाकायचं नाही. बादलीतल्या पाण्यात चिमूट-चिमूट मिसळून पट्टीवर सामू ६ ते ६.५ येईपर्यंत बघायचं, आणि तेच पाणी द्यायचं.

आर.ओ. आणि सॉफ्टनरचं पाणी

खारं पाणी सोडून सगळं शुद्ध आर.ओ. घालणं हे दुसरं टोक. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतं. कोकोपीटमध्ये लावलेल्या टोमॅटोचं फळ बुडाशी काळं पडतं, ते बऱ्याचदा यामुळेच. अर्धं-अर्धं मिसळा. आर.ओ.मधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी वाया जाऊ नये ही तळमळ योग्यच आहे, पण ९०० टीडीएसच्या बोअरचं तिसरा हिस्सा पाणी शुद्ध होऊन निघालं, तर उरलेलं तेराशेच्या आसपास जातं. ते फरशी पुसायला ठेवा.

सॉफ्टनरचं (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं) पाणी मात्र झाडांना देऊच नका. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, माती चोपण, म्हणजे घट्ट आणि चिकट, होते आणि निचरा बंद पडतो. सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपवर बागेसाठी वेगळा नळ काढून घ्या. आधीच महिनोन्‌महिने तेच पाणी दिलं असेल, तर धुण्यात वेळ न घालवता माती बदला.

धुणं अर्धवट सोडणं

क्षार साठलेत हे कळल्यावर लोक एक तांब्या जादा पाणी घालतात. त्यानं क्षार वरून मुळांपाशी येतात, बाहेर पडत नाहीत. कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट पाणी, हळूहळू, खालची थाळी काढून, एकाच दिवशी घाला. नळाचं किंवा पावसाचं पाणी त्यासाठी राखून ठेवा. सांगलीला महाबळेश्वरसारखा पाऊस नाही, म्हणून जूनच्या पहिल्या एक-दोन सरींत गच्ची धुऊन निघाली की पुढच्या पावसाचं पाणी पिंपात धरलेलं बरं. धुतल्यावर नत्रही वाहून जातं, तेव्हा आठवड्यानं गांडूळखत द्या.

आणि उपाय लागू पडला का, हे जुन्या पानांवरून ठरवू नका. करपलेली कड परत हिरवी होत नाही. त्यानंतर फुटलेली पहिली दोन पानं बघा.